इंडुना कोंबड्याचं मयत

बाना सांपाचं खरं नाव काय, हे तिच्या नवऱ्यालाही चटकन सांगता आलं नसतं. थोरला सांपा जन्मला आणि ती बाना सांपा, म्हणजे सांपाची आई झाली; नवरा बाशी सांपा झाला. आता सांपाला स्वतःची पोरं झाली, तो सोलवेझीच्या खाणीवर कामाला लागला, तरी हे दोघं अजून त्याच्याच नावावर जगत होते. जगात एकच गोष्ट अशी होती जिचं नाव तिने स्वतः, कुणाला न विचारता ठेवलं होतं. ते नाव होतं 'चिबवाबवा आणि इतर भानगडी'.

हा तिचा ब्लॉग. चिबवाबवा म्हणजे भोपळ्याचा पाला, शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेला. बाकीच्या भानगडी म्हणजे परसात जुन्या टायरांमध्ये लावलेली भाजी, ती फस्त करणाऱ्या गोगलगाई, आणि त्या गोगलगाईंशी तिने केलेल्या लढाया. किट्वेच्या बाजारात तिचं शाळेचे गणवेश शिवायचं दुकान होतं. गिऱ्हाईक नसलं की मशीनवर कोपर टेकून ती मोबाईलवर लिहायची. शिकवलं कुणीच नव्हतं. कधी फोटो आडवा चढायचा, कधी अख्खी पोस्ट गायब व्हायची. एकदा तर टोमॅटोला पाणी घालणारा, बनियनमधला बाशी सांपा ब्लॉगच्या माथ्यावर जाऊन बसला आणि काही केल्या खाली यायला तयार होईना.

"निदान धुतलेला बनियन तरी निवडायचास," एवढंच तो म्हणाला होता.

सुरुवातीला तो ब्लॉग एकच माणूस वाचत असे, ती स्वतः. मग एके दिवशी वांग्यांवरच्या पोस्टखाली कुणीतरी लिहिलं:

"बेम्बा लोकांना भाजी पिकवता येते हे पाहून अचंबा वाटला. आमची समजूत अशी, की माकडं झाडावरून जे टाकतात त्यावर तुमचं भागतं, आणि तेही तुम्ही माकडं खाऊन संपवली नसतील तर. जेरे, कब्वे."

बाना सांपा इतकी हसली की सुई बोटात गेली. बोट चोखत चोखतच तिने उत्तर लिहिलं: "बा जेरे, तुमच्याकडचे उंदीर संपलेले दिसतात, नाहीतर न्गोनी माणूस दुसऱ्याच्या वांग्याकडे कशाला बघेल? जपून हं. वांग्यात अळी असते, तिला शेपूट नसतं. तुमच्या घशाखाली उतरायची नाही."

झालं. ओळख पक्की झाली. बेम्बा आणि न्गोनी पूर्वी एकमेकांशी भाल्यांनी लढले. भाले गेले, थट्टा राहिली. तेव्हापासून कुठलाही बेम्बा कुठल्याही न्गोनीचा म्बुया. म्बुयाने काहीही बोलावं, समोरच्याने रागवायचं नाही. रागावला तर त्याचंच हसं. लग्नात बोलावं, कचेरीत बोलावं, आणि मयतात तर बोलायलाच हवं. सगळे रडत असताना म्बुया येतो, मेलेल्याच्या आळसाचे पाढे वाचतो, आता याला कायमची झोप मिळाली म्हणून हेवा करतो, खड्ड्याच्या वाटेत आडवा पडून हटायलाच तयार होत नाही. गालावर पाणी वाहत असताना माणसं फिसकन हसतात. म्बुया नसेल तर मयत अळणी होतं.

बा जेरे रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांचा ब्लॉग कोंबड्यांचा. कुठली कोंबडी अंड्यावर बसते, कुठली नुसतीच बसल्याचं सोंग करते, मर येऊ नये म्हणून पाण्यात काय घालायचं, सगळं तिथे. कटकट्या शाळामास्तरासारखं लिहायचे, पण निम्म्या देशातले हौशी कोंबडीवाले त्यांचंच वाचून शहाणे झाले होते. त्यांनीच बाना सांपाला 'इन्साका'त आणलं.

इन्साका म्हणजे गावातला गवती छपराचा कट्टा, जिथे बसून लोक बोलतात. हा इन्साका इंटरनेटवरचा. भाजीवाले, कोंबडीवाले, विणकाम करणारे, रांधणारे असे सगळे घरगुती ब्लॉगवाले त्यात, आणि त्यांची राखणदार लिव्हिंगस्टनची इनोंगे, जिच्या जिभेला विश्रांती ठाऊक नव्हती. नियम एकच: शुक्रवारी आपल्या नव्या पोस्टची लिंक यादीत लावायची, आणि यादीतल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन काहीतरी बोलून यायचं. लिंक लावून पसार होणाऱ्यांना इनोंगे 'टाकूपळे' म्हणायची. बाना सांपा कधीच टाकूपळी नव्हती. तिची कमेंट म्हणजे कमेंट असायची. वाचून, विचार करून, वर एखादा सल्ला घालून.

यासाठी तिने एक पद्धत बसवली होती. डेटा महाग आणि वीज लहरी. म्हणून शुक्रवारी सकाळी ती यादीतल्या सगळ्या पोस्टी मोबाईलवर उघडून ठेवायची, दुकानात सावकाश वाचायची, आणि सगळ्यांसाठी कमेंटी एकाखाली एक, यादीच्या क्रमाने लिहून ठेवायची. घरी गेल्यावर वरून सुरुवात करून एकेक उचलायची आणि एकेकाच्या दारात ठेवायची. पेपर टाकणाऱ्यासारखं. पद्धत इतकी चोख होती, की ठेवताना ती दाराकडे बघतही नसे.

त्या ऑक्टोबरातल्या शुक्रवारी यादीत सगळ्यात वर कुणीतरी केसांच्या तेलाची जाहिरात लावली होती. बाना सांपाने त्यालाही सोडलं नाही. पहिली कमेंट त्याच्यासाठी लिहिली. मग बाकीच्यांसाठी. सगळ्यात शेवटी बा जेरे होते. त्यांनी कोंबड्याचा मृत्युलेख लिहिला होता. इंडुना नावाचा म्हातारा, एका डोळ्याने आंधळा कोंबडा. त्यांची बायको एस्नाट साथीच्या वर्षी गेली, तिने हाताने वाढवलेल्यांतला हा शेवटचा. या आठवड्यात तोही गेला, आणि पेरूच्या झाडाखाली पुरला. लेखात एकही विनोद नव्हता. बाना सांपाने तो दोनदा वाचला, डोळे पुसले, आणि जपून दोन ओळी लिहिल्या.

संध्याकाळी ती घरी आली आणि वीजही आली. वीज आली की किट्वेतल्या प्रत्येक बाईच्या एकदम चार बायका होतात. शेगडी लावा, इस्त्री करा, फोन चार्जिंगला लावा, पंपाने टाकी भरा. एका हाताने मक्याच्या पिठाचा न्शिमा घोटत, दुसऱ्या हाताने बाना सांपाने कमेंटी वाटल्या. एक उचलली, एक ठेवली. एक उचलली, एक ठेवली. यादी संपली.

आणि हातात एक कमेंट उरली.

तिला आधी कळेचना. सगळी घरं झाली, मग ही कुणाची? तिने वाचली. "बा जेरे, इंडुनाच्या जाण्याने फार वाईट वाटलं. देव तुम्हाला बळ देवो."

"अहो," ती म्हणाली, "ही इथे आहे, तर मग तिथे काय गेलं?"

"कोण कुठे गेलं?" बाशी सांपाने ताटावरून मान वर केली.

ती यादी उघडून बघू लागली. तेलवाला नव्हता. दुपारी इनोंगेने त्याला हाकलून दिलं होतं, आणि सगळी यादी एक पायरी वर सरकली होती.

बाना सांपा वाढणं तसंच टाकून मोबाईल घेऊन बसली. एकेक दार उघडून बघायला लागली. तेलवाल्यासाठी लिहिलेलं "इथे विक्री चालत नाही, दुसरं दार बघा" हे चोमाच्या मुतिंताकडे पडलं होतं. तिने नव्या नातीचा, विणलेल्या टोपीतला फोटो लावला होता. नातीसाठीचं "काय ते गाल! एक पापा माझ्याकडून, नाक मात्र आजोबांचं" हे मान्साच्या न्सोफ्वाच्या खतखड्ड्याला मिळालं होतं, ज्यात अळ्या झाल्या होत्या. अळ्यांवरचा इलाज, "वरून राख टाका, झाकून ठेवा, अधूनमधून काठीने खालीवर करा, वास जाईल," हा सिमुकोंडा मास्तरांच्या लग्नाच्या वाढदिवसाच्या फोटोखाली होता. मास्तर नव्या सुटात, बायको शेजारी. मास्तरांसाठीचं "किती शोभता एकमेकांना, दृष्ट लागू नये" हे लुसाकाच्या ताओंगाच्या पातेल्यातल्या कोंबडीला आणि शेंगदाण्याच्या कुटाला.

आणि ताओंगाच्या रश्श्यासाठी लिहिलेलं सगळ्यात लांब, सगळ्यात मनापासूनचं बोलणं बा जेरेंच्या मयतावर पडलं होतं:

"म्हाताऱ्या कोंबड्याला जी चव ती तरण्याला नाही! फक्त घाई करू नका. आधी नुसत्या मिठाच्या पाण्यात निवांत उकळा, हाडं सुटायला लागली की कांदा-टोमॅटो, मग कूट. मान अजिबात फेकू नका, सगळा रस तिथेच असतो. जवळ राहत असते तर ताट घेऊनच आले असते."

"अगं बाई!" ती किंचाळली.

बाशी सांपाने मोबाईल घेतला, वाचला, आणि न्शिमाचा घास तोंडात तसाच ठेवून तो बराच वेळ हसण्याने हलत राहिला. घास उतरल्यावर म्हणाला, "मान फेकू नका!"

"हसू नका! तो माणूस दुःखात आहे."

"मग पुसून टाक."

"त्यांच्या घरात जाऊन पडलंय, मला पुसता येत नाही. त्यांनाच पुसावं लागतं."

तोवर निरोप यायला लागले होते. मुतिंता: "बाना सांपा, माझी नात तेल विकत नाही. तिला अजून दात यायचेत." न्सोफ्वा: "पापा दिला. आता पुढे?" सिमुकोंडा मास्तर: "बायको विचारते, राख कुठल्या लाकडाची चालेल? आणि काठीचं काम तीच करणार म्हणते." बाना सांपाने सगळ्यांना खरा प्रकार कळवला. सगळे हसले, तीही हसली, पण मधूनमधून ते शेवटचं दार उघडून बघत होती.

बा जेरेंच्या दारात तर जत्राच भरली होती. "म्बुया असावी तर अशी!" "बेम्बा बाई ताट घेऊन मयताला निघाली!" "बा जेरे, मान कुठे पुरलीत ते सांगू नका हिला!" बा जेरे मात्र काही बोलले नव्हते.

"लोकांना थट्टा वाटली ना? मग वाटू दे की," बाशी सांपा म्हणाला. "गप्प बस आणि जेव."

"असं कसं? मी थट्टा केलीच नव्हती. मी रस्सा शिकवत होते! आणि लोकांनी माझ्या धांदलीला शाबासकी द्यायची? मला नाही पचत ते."

तिने दुसऱ्या दिवशी दुकानात बसून बा जेरेंना माफीपत्र लिहिलं. असं पत्र तिने मुख्याध्यापकांनाही कधी लिहिलं नव्हतं. आदरणीय बा जेरे, घडलेल्या प्रकाराबद्दल मी अत्यंत दिलगीर आहे. सदर कमेंट अन्य पोस्टीसाठी होती. आपल्या दुःखाची थट्टा करण्याचा माझा अजिबात हेतू नव्हता. खाली तिने उरलेली कमेंट चिकटवली, देव बळ देवो. दोनदा तपासलं आणि पाठवलं. मन हलकं झालं.

संध्याकाळी उत्तर आलं. "कळलं. धन्यवाद, मॅडम."

मॅडम! आजवर त्यांनी तिला माकडखाई म्हटलं होतं, भोपळ्याची राणी म्हटलं होतं, गोगलगाईंची सासू म्हटलं होतं. मॅडम कधी म्हटलं नव्हतं.

सोमवारी बा जेरेंच्या ब्लॉगच्या माथ्यावर चौकट आली: "हा ब्लॉग या महिनाअखेरीस बंद होईल. वाचकांना जे उपयोगाचं वाटतं ते उतरवून घ्यावं. लोभ होता, आभार."

बाना सांपा ते वाचत असतानाच इनोंगेचा फोन आला.

"काय केलंस गं तू त्या म्हाताऱ्याला?"

"मी माफी मागितली! 'सदर कमेंट अन्य पोस्टीसाठी होती' असं रीतसर लिहून!"

"माफी? न्गोनीची? बेम्बा असून?" इनोंगे लोझी होती, तिचे म्बुया टोंगा, आणि टोंगा मुतिंताला गेल्या कित्येक शुक्रवारी तिने गुरांवरून बोलून हैराण केलं होतं. "अगं, मी मुतिंताची माफी मागितली तर ती मला दवाखान्यात घेऊन जाईल. डोक्याच्या."

"इनोंगे, चेष्टा नको. तो ब्लॉग बंद झाला तर कोंबड्यांचं एवढं सगळं लिहिलेलं जाईल. आणि तो माणूस... मला पहिली कमेंट त्यांनी केली होती. मी भिंतीशी बोलत होते तेव्हा."

"मग मला काय सांगतेस? नंबर देते, त्यांना सांग. आणि हे बघ, 'सदर' म्हणू नकोस."

इतकी वर्षं लिहून भांडलेल्या माणसाचा आवाज बाना सांपाने कधी ऐकला नव्हता. दुपारी बाजार जरा सुस्तावला तेव्हा तिने फोन लावला. समोर एक बाई मुलीच्या फ्रॉकचं माप द्यायला बसली होती, शेजारच्या गाळ्यात बाना मुलेंगा चपलांचे ढीग लावत होती.

"हॅलो. कोण बोलतंय?" आवाज जाड, धूळ बसलेला.

"मी बाना सांपा. किट्वेहून. बा जेरे, त्या दिवशी जे झालं त्याबद्दल मी पुन्हा एकदा मनापासून..."

"पुन्हा?" म्हातारा म्हणाला. "अहो मॅडम, एकदा मागितलीत ना माफी? पुरे की. आमच्या कुळात बेम्बांकडून एवढी माफी कुणाला मिळाली नाही. आजोबांना कळलं तर घाबरून उठतील."

"पण तुम्ही रागावलात."

"मी रागावलो नाही."

"मग ब्लॉग का बंद करताय?"

तिकडे मागे कोंबड्या कलकलत होत्या.

"तो ब्लॉग माझा नव्हेच," बा जेरे म्हणाले. "कोंबड्या एस्नाटच्या. ती पाळायची, मी आपला लिहायचो. ती गेली तेव्हा साथ होती. पांढरे कपडे घातलेली माणसं आली, आम्ही मोजकेच जण लांब उभे, आणि आटोपलं. रडायलाही कुणी जवळ नव्हतं. म्बुया तर नाहीच. एकाही बेम्बाने तिला शिव्या दिल्या नाहीत हो. शिव्या न खाता गेली बिचारी. असं कुणी जातं का?"

माप द्यायला आलेली बाई मुलीची उंची दाखवत हात पसरून तशीच बसून होती.

"इंडुना गेला, तेव्हा ठरवलं, ही शेवटची पोस्ट. मग सगळ्यांची तीच ती कमेंट आली, वाईट वाटलं, देव बळ देवो, देव बळ देवो. देवाकडे इतकं बळ कुठून येणार? आणि मग तुझी आली." 'मॅडम' हा शब्द एकदम गळून पडला होता. "मान फेकू नका! मी इतका हसलो, की शेजारीण कुंपणावरून बघायला आली. म्हातारा गेला की काय म्हणून. मी तिला वाचून दाखवलं. तीही हसली. एस्नाट गेल्यापासून या अंगणात मी हसलो नव्हतो. म्हटलं, आली! एक तरी म्बुया आली. ताट घेऊन आली. म्हटलं, नको बंद करायला. लोक येतायत अजून."

"आणि मग माझं पत्र आलं," बाना सांपा हळूच म्हणाली.

"मग तुझं पत्र आलं. सदर कमेंट अन्य पोस्टीसाठी होती. म्हणजे तू मयताला आलीच नव्हतीस. तू लुसाकात कुणाच्या तरी स्वयंपाकघरात होतीस. आणि माझ्यासाठी काय आणलं होतंस खरं? देव बळ देवो! तेच! अगं, ते तर मला आमच्या पाद्रीबाबाकडूनही मिळतं, वर चहा मिळतो."

माफी मागावी, तर माफीनेच घात केलेला. बाना सांपाच्या कानाला फोन, डोळ्यांत पाणी. आणि मग तिच्या आत कुठूनतरी तिची मावशी उठली, जी अख्ख्या लुआंश्यात मयताची रंगत वाढवायला प्रसिद्ध होती. बाना सांपाने गळ्यातली मापाची फीत डोक्याला गुंडाळली, आणि स्टुलावरून उठून बाजाराच्या मधोमध हंबरडा फोडला:

"अगं आई गं! इंडुना रे! गेलास का रे, एकडोळ्या!"

बाजार थांबला. माप द्यायला आलेली बाई स्टुलावरून पडता पडता राहिली.

"एक डोळा होता तोही न्गोनींनी पोसला! रोज पहाटे ओरडलास, उंदीर जागे केलेस, ते बिळात पळाले, आणि तुझा मालक उपाशी राहिला रे! म्हणून त्याने तुला मारलं! खरं सांगा बा जेरे, पुरलं की खाल्लं?"

"पुरलं!" फोनमधून ओरडा आला. "पेरूखाली!"

"खोटं! न्गोनीने कोंबडा पुरला असं कधी कुणी ऐकलंय? पिसं पुरली असतील! मी येऊन उकरून बघणार, मान नसली तर याद राखा!"

बाना मुलेंगा चपला टाकून धावत आली. "काय झालं गं? कोण गेलं?"

"इंडुना गेला!"

"कुठला इंडुना?"

"कब्वेचा. न्गोनींचा."

बाना मुलेंगाचा चेहरा उजळला. "न्गोनींचा? मग इतका वेळ एकटीच काय रडतेस? आण इकडे तो फोन!" तिने फोन तोंडाशी धरला. "हॅलो, उंदीरखाऊ! मयताला जेवण काय केलंय? आम्ही सगळा बाजार घेऊन निघालोय! आणि हो, शेपट्या काढून वाढा, आमच्या दातात अडकतात!"

मागून कांदेवाली ओरडली, "चटणीपण ठेवा!" पिंपातून मासळी काढणारा एक जण गंभीर तोंडाने पुढे आला आणि चपलांच्या ढिगासमोर आडवा पडला, पुरेशी विनवणी झाल्याशिवाय प्रेत पुढे जाऊ देणार नाही म्हणाला. प्रेत कुठे आहे हे त्याने विचारलंही नाही.

बाना सांपाने फोन परत घेतला. आता आवाज खाली आला होता, पण सूर तोच ठेवला.

"आणि एस्नाटबाई," ती म्हणाली, "तुमच्याकडे यायला आम्हाला उशीर झाला. रस्ते बंद होते. पण आलोय आता. सुटलात हो बाई! या माणसाचं कोंबडीपुराण इतकी वर्षं ऐकलंत, कान कसे शाबूत राहिले? आता तो आम्हाला ऐकवतो. तुमचं झालं, आमचं का वाढवलंत? जाताना याला बरोबर न्यायचं होतं, निदान तोंड तरी न्यायचं होतं! वर आणि कोंबडा आमच्या राशीला ठेवून गेलात. पाहुण्यांसाठी रस्सासुद्धा नाही केलात. हा काय न्गोनी रीतीरिवाज?"

तिकडून एक आवाज आला, हसण्याचा का रडण्याचा हे फोनवरून सांगणं कठीण. बहुतेक दोन्ही एकाच दारातून एकदम बाहेर पडायला बघत होते. बाना सांपा फोन कानाला लावून उभी राहिली, फीत डोक्याला तशीच. तिने घाई केली नाही.

शेवटी नाक शिंकरल्याचं ऐकू आलं.

"माकडखाई," बा जेरे म्हणाले.

"बोला."

"मासळीवाला खरंच आडवा पडलाय?"

"अजून उठलेला नाही. त्याला विनवणी हवी आहे."

"त्याला सांग, न्गोनी विनवण्या करत नाहीत. तुडवून जातात." मग जरा थांबून, "तुझ्या त्या रश्श्यात चूक आहे, हे तुला माहीत आहे का? म्हाताऱ्या कोंबड्याला मीठ आधी घालत नाहीत. मांस आखडतं. मी त्यावर लिहिलंय कुठेतरी."

"महिनाअखेरीस बंद होणार ना तुमचं? मग मला कसं सापडायचं?"

"टोमणे मारू नकोस. बघतो मी."

महिनाअखेर आली आणि गेली. चौकट त्याआधीच निघाली होती. शुक्रवारी इन्साकाच्या यादीत बा जेरेंची लिंक सगळ्यात वर होती, आणि पोस्टीचं नाव होतं, 'बेम्बांना मयताला बोलावू नये: अनुभवावरून काही सूचना'. बाना सांपा दुकानात होती. तिने आता कमेंटी आधी लिहून ठेवणं सोडून दिलं होतं. ज्याच्या दारात उभी, त्याच्याशीच बोलायचं. सगळी पोस्ट तिने शेवटपर्यंत वाचली. बाजारातली सगळी गडबड त्यात होती, मासळीवाल्यासकट, आणि एस्नाटला अखेर रीतसर शिव्या मिळाल्या, याबद्दल किट्वेच्या मंडळींचे आभारही होते, एका ओळीत, कुणाला दिसू नयेत असे आड दडवलेले.

खाली तिने लिहिलं, "छान लिहिलंय." मग ते खोडलं. दात विचकून नव्याने टंकायला लागली, उंदरांपासून सुरुवात करून.

समोर गणवेशासाठी उभी असलेली पोरीची आई कंटाळली होती. "बाना सांपा, बाही किती लांब ठेवायची ते बघता ना?"

"थांब जरा," बाना सांपा मान वर न करता म्हणाली. "मयतात आहे मी."